कॉरस्केट: लखलखणं की सालटी काढणं?

प्रूफवाली: काल एका ब्रिटिश लेखाचा अनुवाद तपासत होते. मूळात मंत्र्यावर 'कॉरस्केटिंग अटॅक' झालेला. अनुवादकानं इमानदारीत शब्दकोश उघडला आणि लिहिलं, 'मंत्र्यावर लखलखता हल्ला'. हसू आलं, पण चूक त्याची नाही. कॉरस्केट म्हणजे लखलखणं, ठिणग्या उडाल्यासारखं चमकणं. तल्लख विनोदालाही लावतात. झोडपण्याचा अर्थ घुसलाय तो 'एक्स्कोरिएट', म्हणजे शब्दांनी झोडपून काढणं, या शब्दाशी गल्लत होऊन. त्यात लॅटिन 'कोरिअम' आहे, म्हणजे कातडं. थोडक्यात, सालटी काढणं. माझ्या मते चूक ती चूकच.

अर्धविराम: ताई, एवढं सोवळं कशाला? 'माझ्या अपरोक्ष' आपण पाठीमागे या अर्थी म्हणतोच ना? मूळ अर्थ नेमका उलटा, डोळ्यांदेखत. शंकराचार्यांच्या नावावरची 'अपरोक्षानुभूती' म्हणजे प्रत्यक्ष अनुभव. आता अख्ख्या महाराष्ट्राला दुरुस्त करणार का?

प्रूफवाली: करते की! 'परोक्ष' करूनच पान पुढं सोडते, वर बोलणीही खाते. पण तिथं निदान सगळे एकाच अर्थानं चुकतात. 'कॉरस्केटिंग स्पीच' म्हटल्यावर भाषण चमकदार होतं की जहरी, कसं ओळखायचं? दोन्ही बसतं.

पोटमाळा: मी लॅटिन थोडं शिकलोय म्हणून नाक खुपसतो. कॉरस्केटचं लॅटिन मूळ 'कोरुस्कारे' म्हणजे चमकणं, तसंच थरथरणं, वेगानं हलवणं. रोमन कवी व्हर्जिलच्या 'एनिड' महाकाव्यात, बाराव्या सर्गाच्या शेवटाकडे, नायक एनिअस शत्रू टर्नससमोर भाला 'कोरुस्कात' करतो. मराठीत चपखल शब्द आहे: परजतो. म्हणजे शस्त्र त्या शब्दात होतंच!

प्रूफवाली: परजणं! वा. पण इंग्रज बातमीदार व्हर्जिल वाचून गल्लत करत नाहीत हो.

चहाबाज: मुळात हा शब्द हवाय कुणाला? स्पार्कल आहे, ग्लिटर आहे. भपका नुसता. आपल्याकडे बघा, तारे लुकलुकतात, पणती मिणमिणते, चिंचेनं घासलेला तांब्या लखलखतो, लग्नाचा मांडव झगमगतो. ऐकणाऱ्याला लगेच दिसतं.

अर्धविराम: चार चमकण्यांना चार शब्द तुम्हीच मोजलेत. मग इंग्रजांनी एक जास्तीचा ठेवला तर बिघडलं कुठं?

चहाबाज: त्यांनाच तो नीट वापरता येत नाही, हे वर वाचलं नाही का?

प्रूफवाली: तूर्त मी 'मंत्र्याची सालटी काढली' असं करून पान पाठवलं होतं. आत्ता परत आलंय. संपादकांनी लाल शाईनं 'सालटी' खोडून 'कडाडून टीका' केलंय.