नाताळच्या गोठ्यात ड्रॅगन ठेवला तर चुकलं का? फँटसी पुस्तकं आणि आपली श्रद्धा

चरईकर_मम्मा

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसतं वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच, लांबलं तर समजून घ्या.

आम्ही ठाण्याचे ईस्ट इंडियन, म्हणजे इथले मूळचे मराठी बोलणारे कॅथलिक, राहायला चरईत, पॅरिश (आमचं चर्च) आपलं तलावपाळीजवळचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट. मुलगी बारा वर्षांची आहे आणि तिला फँटसी पुस्तकांचं अक्षरशः वेड आहे, टॉल्किनची ती अंगठीची जाडजूड गोष्ट, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज', दोनदा वाचून झाली आणि आता तिसऱ्यांदा हातात घेतलीय. पोरगी वाचते याचा मला आनंदच होता.

नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, दरवर्षी मी करते, यंदा म्हणाली मीच करणार. दोन आठवडे आधी श्रीखंडाच्या डब्यांच्या झाकणांत माती घालून नाचणी पेरली, रोज सकाळी शाळेत जायच्या आधी हाताने पाणी शिंपडायची, नाताळपर्यंत असं लुसलुशीत हिरवं गवत आलं की बघत राहावं. ब्राऊन पेपर चुरगळून डोंगर केले, आरशाच्या तुकड्याचं तळं केलं. आणि एका कोपऱ्यात, त्या नाचणीच्या गवतात, मातीचा छोटा ड्रॅगन करून ठेवला. पंख मिटलेले, शेपूट पायांभोवती गुंडाळलेली, हनुवटी जमिनीला टेकवलेली आणि तोंड बाळाकडे. मी बघितलं, मला काही वावगं वाटलं नाही.

संध्याकाळी नवऱ्याची आत्या करंज्या घेऊन आली. तिने तो ड्रॅगन बघितला, काही न बोलता उचलला आणि टीव्हीच्या मागे ठेवून दिला. मग म्हणाली हा सैतानाचा प्राणी आहे, बायबलातल्या प्रकटीकरणात लिहिलंय, या जादूटोण्याच्या पुस्तकांनीच मुलांची श्रद्धा जाते. आत्या वाईट नाही हो, आमच्या घरात रोजची रोझरी (जपमाळेची प्रार्थना) तिच्यामुळेच टिकलीय. पण पोरगी रात्रीच्या मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) एक शब्द बोलली नाही.

आणि परवा रोझरी सुरू करताना मला विचारते, "मम्मा, मला डोळ्यांसमोर चित्र आणल्याशिवाय प्रार्थनाच करता येत नाही. मी ते पण मनानेच बनवते ना? मग ते पण चूक का?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून इथे विचारतेय. कल्पनाशक्ती आणि श्रद्धा यांचं खरंच वैर आहे का? आणि मराठीत, आपल्या मातीत, असं काही आहे का जे तिच्या हातात देता येईल?

चेंदणीचा_जुना

ताई, आधी गोठ्याचं बोलू. तुमच्या गोठ्यात बैल आणि गाढव होते ना? आत्याबाईंच्या गोठ्यातही असणार. आता बायबलातलं लूकचं शुभवर्तमान उघडा आणि बैल शोधा. नाही सापडणार. लूकने गव्हाण सांगितलीय, मेंढपाळ सांगितलेत, गव्हाणीपाशी जनावरांचं नाव नाही. ते आले जुन्या करारातल्या यशयाच्या पहिल्या अध्यायातून, जिथे म्हटलंय की बैल आपल्या धन्याला ओळखतो आणि गाढव आपल्या मालकाची गव्हाण ओळखतं. कोणीतरी भाविकाने हे दोन धागे मनात जोडले आणि बैल-गाढव कायमचे गोठ्यात येऊन बसले.

मत्तयच्या नावाने चालणारं एक जुनं लॅटिन पुस्तक आहे, चर्चने बायबलात न घेतलेलं, पण मध्ययुगात लोकांनी खूप वाचलेलं. त्यात बैल आणि गाढव बाळापुढे गुडघे टेकतात. त्याच पुस्तकात पुढे मरिया आणि योसेफ इजिप्तला पळत असताना एका गुहेशी विसाव्याला थांबतात आणि गुहेतून ड्रॅगन बाहेर येतात. सोबतची पोरं किंचाळतात. बाळ येशू आईच्या मांडीवरून उतरतो, त्यांच्यासमोर उभा राहतो आणि ते ड्रॅगन त्याला नमन करतात. तिथे स्तोत्र १४८ चा दाखला दिलाय, पृथ्वीवरून परमेश्वराची स्तुती करा, आणि लॅटिन बायबलात त्या ओळीत सरळसरळ ड्रॅगनच आहेत. तुमच्या लेकीने हे वाचलेलं नसणार, तरी हनुवटी जमिनीला टेकवलेला ड्रॅगन केला. मी तर वाचून थांबलोच दोन मिनिटं.

आणि गोठा मांडायची प्रथा एवढी पसरली ती संत फ्रान्सिसमुळे, १२२३ साली ग्रेच्चो नावाच्या गावात त्याने खरी गव्हाण, खरं गवत, खरा बैल, खरं गाढव आणून नाताळ केला, लोकांना बेथलेहेम डोळ्यांनी दिसावं म्हणून. त्यानंतर शंभर वर्षं पण झाली नव्हती तेव्हा त्याच फ्रान्सिसच्या संघातले चार जण आपल्या ठाण्यात मारले गेले. १३२१ सालची गोष्ट. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री. ठाण्याचे चार रक्तसाक्षी म्हणतात ते हे.

त्यांच्या मागून ओदोरिक नावाचा त्यांचाच एक बंधू ठाण्यात आला, त्यांच्या अस्थी गोळा केल्या आणि चीनपर्यंत घेऊन गेला. १३३० साली इटलीत परतल्यावर त्याने सगळा प्रवास सांगून लिहवून घेतला. त्यात ठाणं आहे, इथली नेस्टोरियन (पूर्वेकडच्या एका जुन्या पंथाच्या) ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं आहेत, जेम्सला आगीत टाकलं आणि तो जसाच्या तसा बाहेर आला हे आहे. पुढे तो स्वतः अस्थी उशाशी घेऊन झोपला असताना घराला आग लागते आणि तो बाहेर पडेपर्यंत त्याचा कोपरा तेवढा जळत नाही. जहाज वाऱ्याविना अडकतं तेव्हा एक अस्थी समुद्रात सोडल्यावर वारा सुटतो. या पुस्तकातला ढीगभर मजकूर पुढे मँडेव्हिलच्या नावावर गाजलेल्या प्रवासवर्णनात उचलला गेला आणि युरोपला कित्येक पिढ्या दूरदेशीच्या अद्भुत गोष्टींचं वेड लागलं. म्हणजे भक्ती आणि अद्भुत यांची एक वाट आपल्या ठाण्यातून गेलीय, सात शतकांपूर्वी. पोरीला हे जरूर सांगा.

वाशी_कॅटेकिस्ट

मी वाशीत संडे स्कूलला शिकवते, मला आत्यांची बाजू पण मांडायचीय. प्रकटीकरणाच्या १२ व्या अध्यायातला ड्रॅगन खरंच सैतान आहे, त्या काही मनचं बोलल्या नाहीत. आणि जादूची भीती उगाच नाही, कॅटेकिझमच्या, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या पुस्तकाच्या, २११६ आणि २११७ परिच्छेदांत भविष्य बघणं, मृतांना बोलावणं, जादूने शक्ती मिळवणं याला स्पष्ट मनाई आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलाने मोबाईलवर बघून घरी वाटी फिरवून आत्मा बोलवायचा प्रकार केला होता, नंतर कितीतरी रात्री झोपला नाही तो, मी त्याच्या आईबरोबर बसून प्रार्थना केलीय, त्यामुळे मला हे हलक्यात घेता येत नाही.

पण ताई, ती मनाई करण्याला आहे. गोष्टीत जादूगार असणं आणि आपण जादू करायला बसणं यात फार अंतर आहे. मी मुलांना एवढंच विचारते की हे पुस्तक मिटल्यावर तुला काय हवंसं वाटलं? दुसऱ्यावर ताबा मिळवावासा वाटला की कोणाच्या तरी मदतीला धावावंसं वाटलं? मुलं खरं सांगतात.

घोडबंदर_वाचक

तिच्या हातात जे पुस्तक आहे त्याबद्दलच लिहितो, कारण आत्याबाईंना हे माहीत नसणार. टॉल्किन पक्का कॅथलिक. त्याची आई १९०० साली कॅथलिक झाली तेव्हा नातेवाइकांनी पैशाची मदत बंद केली, आणि १९०४ मध्ये ती मधुमेहाने गेली तेव्हा तो बारा वर्षांचा होता, तुमच्या लेकीएवढा. त्याचा सांभाळ पुढे एका फादरांनी केला. आईने श्रद्धेसाठी जीव झिजवला असं तो आयुष्यभर मानत आला. १९५३ मध्ये एका जेझुइट, म्हणजे येशू संघातल्या, मित्राला त्याने लिहिलंय की हे पुस्तक मुळात धार्मिक आणि कॅथलिक आहे, आधी नकळत, आणि दुरुस्त्या करताना जाणूनबुजून.

आता गंमत बघा, गोष्टीत चर्च नाही, मिस्सा नाही, येशूचं नाव नाही. पण ती मंडळी प्रवासाला निघतात २५ डिसेंबरला आणि अंगठी नष्ट होते २५ मार्चला, म्हणजे मरियेला देवदूताने निरोप दिला त्या सणाच्या दिवशी. एल्फ लोकांची ती पानात गुंडाळलेली प्रवासाची भाकर, जी उपाशीपोटी जास्त बळ देते, ती वाचून एका वाचकाला पवित्र कम्युनियन (मिस्सात घेतात ती पवित्र भाकर) आठवलं आणि हे टॉल्किनने स्वतः पत्रात नोंदवलंय.

आणि शेवट. फ्रोडो, म्हणजे अंगठी नष्ट करायला निघालेला नायक, एवढे हाल सोसून तिथे पोचतो आणि ऐनवेळी अंगठी टाकायला नकार देतो! हरतोच तो. सगळं वाचतं ते आधी त्याने गॉलमवर, अंगठीच्या लोभाने मागे लागलेल्या त्या जिवावर, दया केली होती, मारलं नव्हतं, म्हणून. मी कॉलेजात असताना हे वाचलं, तेव्हा माझ्या मनात एका माणसाबद्दल फार राग होता, आणि त्या पानानंतर मी बऱ्याच वर्षांनी कन्फेशनला, फादरांपुढे पापं कबूल करायला, गेलो. प्रवचनाने गेलो नव्हतो, गोष्टीने गेलो.

ऐरोली_मराठी

मी ख्रिस्ती नाही, ऐरोलीला राहते, मराठी शिकवते. तुमचा शेवटचा प्रश्न वाचला, मराठीत आपल्या मातीतलं काही आहे का, आणि राहवलं नाही. आहे! चारशे वर्षांपूर्वीचं आहे!

फादर थॉमस स्टीफन्स, इंग्लंडमध्ये १५४९ ला जन्मलेला जेझुइट, १५७९ साली गोव्याला आला आणि मराठीच्या प्रेमात पडला. त्याचं क्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं, साधारण अकरा हजार ओव्या, आदामापासून येशूपर्यंतची सगळी कथा. छपाई रोमन लिपीत, पण छंद आपला, ओवीचा. सुरुवात बघा, "वो नमो विश्वभरिता । देवा बापा सर्वसमर्था". हे मोठ्याने म्हणून बघा ताई, माऊलींच्या "ओम नमोजी आद्या"च्या शेजारी बसतं की नाही? आणि "देवा बापा" यातला तो बाप किती जवळचा आहे.

स्वर्गाला तो सरळ वैकुंठ म्हणतो. मराठीचं कौतुक करताना फुलांत मोगरी, सुगंधांत कस्तुरी, पक्ष्यांत मोर, झाडांत कल्पतरू अशा उपमांची माळच लावतो. एक इंग्रज माणूस बेथलेहेमची गोष्ट सांगायला बसला आणि त्याला शब्द आमच्या पोथ्यांतले, आमच्या अंगणातले सापडले. याला कल्पनाशक्ती नाही तर काय म्हणायचं? माझी आजी श्रावणात पोथी वाचायची तेव्हा पाटावर बसलेल्या बायका खरंच रडायच्या, वाचताना त्यांना ते दिसत असायचं. स्टीफन्सला हे ठाऊक होतं. माणसाच्या डोळ्यांसमोर उभं राहिल्याशिवाय काही आत उतरत नाही.

मूळ भाषा तिला जड जाईल, पण ख्रिस्तजन्माचा भाग घ्या आणि रोज दहा ओव्या दोघींनी मिळून मोठ्याने वाचा. अर्थ अडला तर मला इथे विचारा, मी मनापासून मदत करीन.

चरईकर_मम्मा

तुम्हा सगळ्यांचे खूप आभार, ऑफिसमधून येताना ट्रेनमध्ये वाचलं आणि डोळे भरून आले. वाशीच्या ताई, तुमचं पण पटलं, आत्याला उगाच दुखवायचं नव्हतंच मला. पण रोझरीचं जे तिने विचारलं, मनानेच चित्र बनवते म्हणून, त्याचं काय सांगू?

चेंदणीचा_जुना

त्याचं उत्तर ज्यांनी दिलं त्यांची पण एक गोष्टच आहे. संत इग्नेशियस, पुढे जेझुइट संघ स्थापन करणारे, पण मुळात सैनिक माणूस, १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडला. घरी लोयोलाला खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी शूर सरदारांच्या अद्भुत कादंबऱ्या मागितल्या, म्हणजे त्या काळची फँटसीच. घरात एकही नव्हती. होतं ते ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा, तेच दिलं. सरदारांच्या पराक्रमाची स्वप्नं बघणारं मन तेच राहिलं, फक्त राजा बदलला.

पुढे त्यांनी आध्यात्मिक साधना लिहिली, त्यात ख्रिस्तजन्माचं ध्यान कसं करायचं ते दिलंय. नाझरेथपासून बेथलेहेमचा रस्ता मनात बघा, म्हणतात. किती लांब आहे, किती रुंद, सपाट आहे की चढउतार. मग ती गुहा बघा, मोठी की छोटी, ठेंगणी की उंच. आणि स्वतःला तिथे एक गरीब नोकर समजून उभं करा, त्यांना काय हवं नको ते बघत. स्टीफन्स फादर जेझुइट, म्हणजे तेही हेच शिकलेले. चित्र मनाने बनवायचं हे संतांनीच सांगितलंय, तिला निर्धास्त सांगा.

चरईकर_मम्मा

काल रात्री तिला हेच प्रश्न विचारले. लाइट गेली होती, गॅलरीत बसलो होतो. रस्ता कसा आहे म्हटलं, तर म्हणाली, "धुळीचा, आणि मरियेला गाढवावर पाठ दुखतेय, ती सांगत नाहीये." गुहा कशी? "पप्पांना वाकून जावं लागेल एवढी. आत ओल्या गवताचा वास." आणि तू कुठेस? बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मी दारात आहे. पाणी आणलंय, पण त्यांना उठवू की नको कळत नाहीये."

आत्या आतल्या खोलीत रोझरी घेऊन बसली होती, तिने सगळं ऐकलं. बाहेर आली, तिच्या शेजारी बसली आणि विचारलं, "मग दिलंस का पाणी?"

ड्रॅगनचा विषय अजून निघालेला नाही, तो टीव्हीमागून काढून मी कपाटात कापसात ठेवलाय. शनिवारी मराठी ग्रंथसंग्रहालयात जातोय दोघी, क्रिस्तपुराणाची देवनागरी प्रत आहे का विचारायला. ऐरोलीच्या ताई, ख्रिस्तजन्माचा भाग दुसऱ्या पुराणात, म्हणजे त्याच्या दुसऱ्या भागात, आहे ना? कुठल्या अध्यायापासून सुरू करू तेवढं सांगा.