एम.एस्सी.चा प्रकल्प नुसत्या संगणकावर चालेल का?

काचपट्टी:
सोलापुरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. यंदा बहुतेक मुलांनी प्रकल्पाला डॉकिंगच मागितलं. प्रथिनाच्या खोबणीत संगणकावर रेणू बसवून बघायचा, घट्ट बसला की स्कोअर चांगला. कडुनिंबातला एखादा रेणू डाळिंबाच्या तेल्या रोगाच्या जिवाणूवर 'लागू पडला', उणे नऊ स्कोअर आला (यात जितकं जास्त उणे तितकं चांगलं), प्रकल्प संपला! माझा याला ठाम विरोध आहे. तेल्याचा झँथोमोनास ग्रॅम-निगेटिव्ह आहे, त्याला बाहेरून आणखी एक आवरण असतं. रेणू त्यातून आत शिरेल का, हे तो स्कोअर सांगत नाही. आणि यातल्या कितीजणांनी तो जिवाणू पाहिलाय? डागाळलेलं पान कापून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवा. कापलेल्या कडेतून जिवाणूंचा लोंढा धुरासारखा बाहेर येताना सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. खर्च एका ब्लेडचा.

अक्कलकोटची:
मॅडम, अजिबात पटलं नाही. मी नुकतीच एम.एस्सी. झाले. आमच्याकडे ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेच्या दाबानं निर्जंतुक करायचं यंत्र, महिनोन्‌महिने बंद, वीज गेली की इन्क्युबेटर थंड, जिवाणू वाढवायच्या प्लेटांवर बुरशी. तीनदा सगळं काम वाया गेलं. मला संशोधन करू दिलं ते संगणकानं. एका प्रथिनाची रचना काढायला कधीकधी वर्षं लागायची. अल्फाफोल्ड या एआय प्रणालीनं २०२२ मध्ये २० कोटींहून जास्त प्रथिनांच्या अंदाजित रचना फुकट खुल्या केल्या. केंब्रिजच्या पोराला जे मिळतं तेच मला अक्कलकोटात मिळालं. आणि हॅलिसिन? मधुमेहासाठी तपासलेला रेणू प्रतिजैविक म्हणून चालेल, हे २०२० मध्ये एमआयटीच्या संगणक मॉडेलनंच हेरलं.

काचपट्टी:
हॅलिसिन माझ्याच बाजूनं बोलतं गं. त्या मॉडेलला शिकवायला आधी सुमारे २,३०० रेणू ई. कोलाय या जिवाणूवर खरोखर टाकून, वाढ थांबते का ते मोजलं होतं. पुढे उंदरांवरही तपासलं. अल्फाफोल्ड शिकलं तेही प्रोटीन डेटा बँकेवर, म्हणजे १९७१ पासून लोकांनी प्रयोगशाळेत राबून जमवलेल्या रचनांवर. ऑटोक्लेव्हचं मात्र खरं आहे, त्याची मला शिक्षक म्हणून लाज वाटते. आम्ही घरच्या कुकरमध्ये जिवाणू वाढवायचं माध्यम निर्जंतुक केलंय. १५ पौंड दाबाला १२१ अंश तिथंही मिळतात.

सांगोल्याचा भगवा:
मी डाळिंबवाला. मृग बहरात पावसाचे शिंतोडे उडाले की तेल्या बागभर पसरतो, फळाला तडे जातात, व्यापारी हात लावत नाही. म्हणून मी पाऊस ओसरताना फुलणारा हस्त बहर धरायला लागलो. नुसत्या स्कोअरवरचं औषध मी फवारणार नाही, आधी कुणीतरी फांदीवर मारून बघू दे. पण मॅडम, ताईचंही सोडू नका. २०२५ मध्ये जनुक संपादन केलेले भाताचे दोन वाण आपल्याकडं जाहीर झाले. डाळिंबात तसं करायचं तर कुठल्या जनुकाला हात लावायचा, हे आधी संगणकावर चाळायला नको का? भाताचं चुकलं तर हंगाम जातो. आमचं झाड लावल्यापासून फळाला दोन-तीन वर्षं घेतं, चुकीचं जनुक निवडलं तर तेवढी वर्षं पाण्यात.

काचपट्टी:
दादा, चाळणी म्हणून मला संगणक हवाच आहे. चाळणीतून खाली आलेलं कुणी प्लेटवर टाकत नाही, ही माझी तक्रार आहे. डागाची पानं मिळतील का?

सांगोल्याचा भगवा:
कागदी पिशवीत कोरडी आणून देतो. सोमवारी सोलापूरला येतोय.

अक्कलकोटची:
पानं मिळतील, कुकरही मिळेल. पण ज्या कॉलेजात दोन्ही नाही, तिथल्या मुलीचा प्रकल्प तुम्ही नापास करणार का? त्याचं उत्तर अजून आलं नाही, मॅडम.