नातेवाइकांच्या रागाची चाहूल : पाळी बदलतानाच्या ‘ओव्हर’च्या वहीत नोंद असावी का?

अपघात विभागातील सिस्टर

शासकीय रुग्णालयाच्या अपघात विभागात मी २० वर्षे काम करते आहे. डॉक्टरांवर किंवा परिचारिकांवर हल्ला झाला की चर्चा शिक्षा आणि पहारा या दोनच गोष्टींपाशी येऊन थांबते. महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्यात ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई आहे. मार्च २०१७ मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला जमावाने मारहाण केली, राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले आणि त्यानंतर मोठ्या रुग्णालयांत राज्य सुरक्षा महामंडळाचे जवान आले. हे सगळे हवेच आहे. पण कायदा हात उगारल्यानंतर जागा होतो आणि जवान दारापाशी असतो, खाटेपाशी नव्हे.

राग चढत जातो आणि चढताना तो दिसतो, हे माझे म्हणणे आहे. एका रातपाळीला आमच्या वॉर्डच्या मामांनी, म्हणजे वॉर्डबॉयनी, मला नजरेनेच एक तरुण दाखवला. मघापर्यंत तो दर पाच मिनिटांनी ‘सिस्टर, वडिलांचं काय?’ असे विचारत होता. आता त्याने विचारणेच सोडले होते, केसपेपरची सुरळी मुठीत आवळून धरली होती आणि ज्या दारातून डॉक्टर बाहेर येत त्या दारावरून त्याची नजर हलत नव्हती. मी डॉक्टरांना बाहेर बोलावले, त्याला बाकावर बसवले आणि दोघांचे बोलणे होईपर्यंत तिथेच उभी राहिले. वडील पहाटे गेले. तो खूप रडला, पण कोणाच्या अंगावर धावला नाही.

मामांना जे दिसले ते कोणत्याच वहीत आले नाही, याची मला खंत आहे. नॉर्वेत मनोरुग्ण विभागांसाठी तयार झालेल्या ब्रोसेट यादीत गोंधळलेपण, चिडचिड, दांडगाई, तोंडी धमकी, अंगावर जाण्याचा आव आणि वस्तूंची आदळआपट अशी सहा लक्षणे आहेत. प्रत्येकाला शून्य किंवा एक गुण देऊन पुढच्या २४ तासांतील धोक्याचा अंदाज बांधतात. तशी नोंद आपण पाळी बदलताना ओव्हर देतो त्या वहीत का ठेवू नये?

निवासी डॉक्टर

सिस्टर, तुमच्या आणि मामांच्या नजरेबद्दल मला आदरच आहे, पण प्रस्ताव मला मान्य नाही. ही नोंद एकदा सुरू झाली की मार खाणाऱ्यालाच ‘तुम्हाला लक्षणे दिसली कशी नाहीत?’ असे विचारले जाईल. एका खाटेवर दोन रुग्ण, बाहेरून आणायला सांगितलेली औषधे आणि सलग ३० तास जागा असलेला डॉक्टर ही हल्ल्याची कारणे आहेत आणि ती कोणाच्या चेहऱ्यावर वाचावी लागत नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात ज्या डॉक्टरचा बलात्कार करून खून झाला, ती रात्रीच्या ड्युटीत सभागृहात विश्रांतीला गेली होती. तिथे सहा लक्षणांची यादी काय कामाची होती? आतून कडी लागणारी विश्रांतीची खोली कामाची होती.

बाकावर बसलेला नातेवाईक

ताई, तुमच्या यादीत मी नक्की सापडलो असतो. आईला आत नेल्यावर चार तास मी येरझाऱ्या घालत होतो, आवाज चढवून बोललो होतो आणि एकदा भिंतीवर मूठही आपटली होती. मारायचे माझ्या मनातही नव्हते. ती जिवंत आहे की नाही, एवढेच मला कळायला हवे होते. आमच्या गावाकडचे बोलणेच मोठ्याने असते, ते शहरातल्या माणसाला भांडण वाटते. असे लोकच त्या वहीत भरतील आणि इस्त्रीच्या कपड्यांत येऊन थंडपणे धमकी देणारा पुढाऱ्याचा माणूस सुटेल.

कारखान्यातील सुरक्षा अधिकारी

थोडा हिशेब मांडतो. समजा, दिवसाला हजार नातेवाईक येतात आणि त्यांतील दोघे हात उगारणार आहेत. यादीने ते दोघेही ओळखले, पण निर्दोष माणसांपैकी शंभरात पाचजणांवर चुकीचा ठपका ठेवला, तर सुमारे ५० निरपराध माणसे संशयित ठरतात. विरळ घडणाऱ्या गोष्टीचे भाकीत करताना चांगली यादीही अशीच फसते. म्हणून त्या नोंदीवरून कोणाला बाहेर काढणे चूक आहे. मात्र तिच्या आधारे कोणाशी आधी जाऊन बोलायचे एवढेच ठरणार असेल, तर ५० माणसांशी विनाकारण दोन शब्द बोलले गेल्याने कोणाचेच नुकसान नाही.

अपघात विभागातील सिस्टर

दादा, तुमचे चार तास वाचून वाईट वाटले आणि तुमचा आक्षेप मी मान्य करते. माणसाला गुण देऊ नयेत. वहीत नातेवाइकाचे नाव नसावे. खाट क्रमांकापुढे ‘नातेवाइकांना शेवटचे केव्हा आणि कोणी सांगितले’ असा एक रकाना असावा. त्या रात्री मामांना खरे तर हेच दिसले होते, की दोन तासांत त्या मुलाशी कोणीही बोललेले नाही. डॉक्टर, विश्रांतीच्या खोलीसाठी मी तुमच्याबरोबर अधिष्ठातांकडे येईन, पण पाहिलेले लिहून ठेवण्याचा आग्रह सोडणार नाही.

निवासी डॉक्टर

रकाना मला चालेल. मात्र पहाटे तीन वाजता ६० खाटांना दोन सिस्टर आणि मी एकटा असताना तो कोण भरणार, हे आधी लेखी ठरवून घ्या. नाहीतर सकाळी सगळ्या खाटांपुढे एकाच शाईने एकच वेळ लिहिलेली दिसेल.