मोबाईलपायी काय गेलं? नागपूरच्या विद्यार्थ्यांनो, लिहा

मोबाईल नको, असं कोणी म्हणत नाही. शिष्यवृत्तीचा महाडीबीटी अर्ज, वेळापत्रक, निकाल सगळं त्यावरच येतं. पण त्याच्यापायी पैसा, झोप, वर्ष गमावलेली पोरं आपल्या आजूबाजूला आहेत आणि ती गप्प राहतात. म्हणून हा धागा. आपलं, मित्राचं, घरातलं, जे पाहिलं ते लिहा. नावं नकोत, उपदेशही नको.

बी.कॉम., नंदनवन
माझा रूममेट गोंदियाकडचा. टेलिग्रामवर कोणीतरी त्याला म्हणालं, काम काहीच नाही, फक्त तुझं बँक खातं वापरू दे, कमिशन देतो. मेसचे पैसे थकले होते. त्यानं एटीएम कार्ड आणि सिम देऊन टाकलं. पुढे खातं गोठवलं गेलं. दुसऱ्या राज्यातल्या फसवलेल्या माणसाचे पैसे त्या खात्यातून फिरले होते. नोटीस गावी गेली. धानाची कापणी सोडून त्याचे बाबा नागपूरला आले. "बाबा, मी चोरी नाही केली जी," एवढंच तो म्हणत रायला. खातं देणारासुद्धा गुन्ह्यात ओढला जातो, हे त्याला कोणीच सांगितलं नव्हतं. शिष्यवृत्ती त्याच खात्यात यायची. तीही अडकली. मला सगळ्यात जास्त याचा राग येतो, कारण हे लोक गरजू पोट्टेच हेरतात.

एम.ए., गडचिरोलीहून आलेली
अभ्यासिकेत सकाळी जागा धरायला धावपळ होते आणि दुपारी निम्म्या माना रीलवर. शेजारच्या ताईचा फोन थरथरला की माझंही वाचन तुटतं.

प्राध्यापिका, अमरावती रोड
फळ्याचा फोटो काढतात, लिहून घेत नाहीत. परीक्षेच्या आदल्या रात्री ते फोटो शोधत बसतात. लिहिताना जे डोक्यात उतरतं, ते फोटोतून उतरत नाही.

मोठी बहीण, मानेवाडा
भावानं ॲपवरून झटपट कर्ज घेतलं. ॲपनं फोनमधले सगळे नंबर उचलले. हप्ता चुकला तसे मामांना, काकूंना, त्याच्या मैत्रिणीला घाणेरडे मेसेज आणि त्याचे फेरफार केलेले फोटो गेले. रिझर्व्ह बँकेनं 2022 मध्येच कर्जाच्या ॲपना फोनमधली नावं-नंबर घ्यायला मनाई केली आहे. त्याला ते ठाऊक नव्हतं. तो जेवेना, दार उघडेना. आईनं रागावण्याआधी जवळ घेतलं, तेव्हा तो बोलला.

बँकेत काम करतो, सीताबर्डी
नंदनवनच्या भाऊ, तुमच्या मित्राला सांगा, खातं कोणत्या तक्रारीवरून गोठवलं ते बँकेकडून लेखी घ्या. तक्रार क्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव त्यात हवं. ते घेऊन, बाबांना सोबत नेऊन, सायबर पोलिसांना भेटा. शिष्यवृत्तीचा पुरावाही जोडा. आणि ज्यांचे पैसे आत्ता गेलेत त्यांनी लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करावा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार झाली, तर ते अडवता येतात.