अनुभव धागा: इंधनाची चणचण अंगावर काढताना

सिलिंडर पुरवून वापरायचं, पंखा मोजून लावायचा. ही काटकसर तब्येतीतून वसूल होते. पुण्यातल्या वस्त्यांमध्ये काम करणाऱ्यांनी नेमकं काय बघायचं, काय करायचं ते लिहा.

आरोग्यसेविका, पर्वती
खोकला घेऊन आलेल्या ताईंना आधी विचारा, अंघोळीचं पाणी कशावर तापतं? ‘घरी गॅस आहे’ एवढ्यावर थांबू नका. १४.२ किलोचं सिलिंडर स्वयंपाकाला राखून ठेवतात आणि बंब पेटतो ढलप्या, पुठ्ठा, प्लॅस्टिकवर. वायरीचं आवरण, पीव्हीसीचे तुकडे कधीच जाळू नयेत. त्या धुराने घसा पोळतो, दमेकऱ्याचा दमा उसळतो.

त्याहून मोठी भीती डिसेंबर-जानेवारीत दार लावून ठेवलेल्या कोळशाच्या शेगडीची. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईड या विषारी वायूला वास नसतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २००हून जास्त पट घट्ट चिकटतो. घरातल्या सगळ्यांचंच डोकं एकदम दुखतंय, मळमळतंय? पित्त म्हणून सोडू नका. सगळ्यांना बाहेर काढा, दवाखाना गाठा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर अशा वेळीही ऑक्सिजनचा आकडा नेहमीसारखाच दाखवतं, त्याच्यावर विसंबू नका. खिडकी नसलेल्या न्हाणीतल्या गॅस गिझरलाही हेच लागू.

वायरमन, येरवडा
पंखा मंद फिरतो तेव्हा बहुधा कपॅसिटर उतरलेला असतो. मेन बंद करून जुन्यावर लिहिलेल्याच मापाचा बसवा, घरगुती पंख्याला बहुतेक २.५ मायक्रोफॅरडचा लागतो. साधा पंखा ७५ वॅटचा, १० तासांना पाऊण युनिट. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा) ३० वॅटच्या आसपास, म्हणजे ०.३ युनिट.

पत्र्याच्या खोलीत छताचा पंखा वरची तापलेली हवाच खाली लोटतो. मार्चआधी पत्रा धुऊन पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्या, खळ घातली नाही तर चुना लगेच झडतो. हवाच अंगापेक्षा तापली की नुसता पंखा म्हाताऱ्यांना पुरत नाही, अंगावर ओला पंचा हवा.

औषधविक्रेता, हडपसर
वापरात असलेली इन्सुलिनची कुपी साधारण महिनाभर फ्रीजबाहेर चालते (नेमकी मुदत खोक्यातल्या माहितीच्या चिठ्ठीवर बघा), पण तापमान ३० अंशांच्या आत हवं. एप्रिलमध्ये पत्र्याखाली ते राहत नाही. फ्रीज नसेल तर मातीच्या मोठ्या कुंडीत ओली वाळू, त्यात छोटं मडकं, कुपी बंद डबीत, वर ओलं फडकं. सावलीत, वारा लागेल असं ठेवा. बर्फाला टेकवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

वस्ती कार्यकर्ती, ताडीवाला रोड
झोप न लागणं, चिडचिड, छातीत धडधड यामागे पुष्कळदा थकलेलं वीजबिल असतं. चार भाडेकरू एका मीटरवर असले की १०० युनिटांपुढचा महाग दर सगळ्यांच्या वाट्याला येतो. गोळी देण्याआधी, निदान गोळीबरोबर, बिल हातात घेऊन बघा. वीज कायदा २००३, कलम ५६: तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. रकमेबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी, यातली कमी असेल ती निषेध नोंदवून भरता येते. मग वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. वादाचा अर्ज लेखी द्या, त्याच्या प्रतीवर पोच घ्या. मन फारच खचलं असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मराठीत बोलतात, फोनला पैसे पडत नाहीत.