एआयला म्हणे कल्पना सुचतात. मग माझी बाग का जिरली?

द्राक्षदादा_निफाड:
काल इथे एका भाऊंनी टाकलं, "दहा वर्षांचं संशोधन एआयने दोन दिवसांत केलं, आता शास्त्रज्ञांनी गाशा गुंडाळावा." डोकंच फिरलं. गोष्ट २०२५ ची. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात पेनाडेस यांच्या टीमने गुगलच्या एआयला विचारलं की काही जनुकांचे तुकडे इतक्या वेगवेगळ्या जिवाणूंत जातात कसे, तर ते म्हणालं, जिवाणूंना गाठणाऱ्या निरनिराळ्या विषाणूंच्या शेपट्या वापरून. टीमला हे आधीच सापडलेलं, फक्त छापलेलं नव्हतं. पण शेपट्या चोरतात हा अर्धा धागा त्यांच्याच २०२३ च्या पेपरात होता अन् तो पेपर मशीनला दिलेला होता, हे कोण सांगणार? आता माझं ऐका. मे महिना ढगाळ गेला, मग गोडी (फळांसाठीची) छाटणी केली तर निम्म्या काड्यांवर घड जिरून बाळी, म्हणजे घडाच्या जागी नुसता तणावा. बॉटला विचारलं, त्याने ऊन कमी पडलं हे धरून अकरा कारणं दिली. अकरा! एक तपासायला एक वर्ष लागतं दादा.

लॅबवाली_ताई:
मग अकरातलं पहिलं कोणतं तपासायचं ते तरी कळलं ना? १९८६ मध्ये डॉन स्वॉन्सनने फक्त पेपर वाचून माशाचं तेल आणि बोटं पांढरी पडणारा रेनोचा आजार जोडला. दोन्हीकडच्या लोकांनी एकमेकांचं वाचलंच नव्हतं. पुढे चाचणीत काही रुग्णांना गुणही आला. मशीन तेच करतं, फक्त थकत नाही. आणि कल्पना माणसाचीच असावी म्हणणाऱ्यांनी माझ्या गाईडला भेटावं. माझी कल्पना मीटिंगमध्ये "फालतू" होती, सहा महिन्यांनी त्यांच्या प्रोजेक्टमध्ये आली, माझं नाव सोडून. बॉट निदान चोरत नाही.

गंगापूर_रोड:
चोरत नाही? सगळं दुसऱ्यांचंच वाचून तर बोलतंय!

काका_पिंपळगाव:
चोरीवरून आठवलं. फ्रान्समध्ये मेडोकला रस्त्याकडेच्या वेलींवर शेतकरी मोरचूद-चुना मारायचे, कशाला? येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून. मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने बघितलं की तिथलीच पानं केवडा रोगातून वाचलीत, आणि १८८५ ला मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक म्हणून जाहीर केलं. आता सांगा, हे कुठल्या पेपरात होतं जे एआय वाचणार? रस्त्याने चालत जावं लागतं.

द्राक्षदादा_निफाड:
काका 🙏 पण हल्ली बोर्डो कोण नीट करतं? चुन्यात मोरचूद ओतायचं, लोक उलटं करतात.

काका_पिंपळगाव:
उलटं नाही, दोन्ही एकदम तिसऱ्या पिंपात. चाळीस वर्षं करतोय, मला शिकवू नका.

द्राक्षदादा_निफाड:
शिकवत नाहीये. पण मागच्या साली तुमच्याच शेजारच्या बागेत कोवळी पानं जळाली ना?

काका_पिंपळगाव:
त्याने विळा बुडवून बघितला नाही! विळ्यावर तांबूस थर आला की चुना कमी. एवढं न बघता फवारतात अन् मिश्रणाला शिव्या घालतात.

लॅबवाली_ताई:
विषय काय, चाललंय काय 🤦 अहो, तुमचा विळा हीच तर टेस्ट आहे. कल्पना कुठूनही येऊ दे, बॉटकडून नाहीतर द्राक्षचोराकडून, बुडवून बघा. मी वेगळं काय म्हणतेय?

द्राक्षदादा_निफाड:
तुम्ही "थकत नाही" म्हणालात ना, तिथेच अडलो. मशीन थकत नाही, पण बुडवून बघणारा थकतो आणि कर्जही त्याच्याच नावावर असतं. अकरा कारणं फुकट. अकरा प्लॉट फुकट नाहीत.

लॅबवाली_ताई:
हे मान्य. (जड जातंय, पण मान्य.) एकरातल्या फक्त तीन ओळी सोडा ना, मे महिन्यात जास्तीच्या काड्या काढून ऊन खाऊ द्या, शेजारच्या तीन ओळी नेहमीसारख्या. पानदेठ परीक्षण (देठातली अन्नद्रव्यं तपासणं) मी करून देते.

गंगापूर_रोड:
म्हणजे शेवटी बॉटचंच ऐकलं 😂

द्राक्षदादा_निफाड:
बॉटचं नाही, ताईंचं. उन्हाचं कारण आमचे आजोबा पण सांगायचे, त्यांना कोणी विचारलं नाही एवढंच. सोडतो तीन ओळी, पण कडेच्या, जिथे नाहीतरी माल कमीच येतो.

लॅबवाली_ताई:
कडेच्या नको!! तिथे आधीच ऊन जास्त, मग तुलना काय कप्पाळ करणार? मधल्या सोडा.

द्राक्षदादा_निफाड:
...बघतो.

काका_पिंपळगाव:
आणि विळा लोखंडी घ्या, स्टीलचा नको.