उत्तर: पुढं पत्रा नको, साखळ्या लावा
दादा, खडे उडू नयेत म्हणून मोवरच्या (ट्रॅक्टरमागच्या गवत कापायच्या यंत्राच्या) तोंडाला अख्खा पत्रा वेल्ड करायचं म्हणताय, तेवढं करू नका. गवत पात्यापर्यंत पोचायच्या आधीच आडवं पडतं, नुसतं चेंगरतं. तिथं साखळ्याच बऱ्या. दोन ओळी, मागची ओळ पुढच्या फटींवर येईल अशी, टोक जमिनीपासून दोन-तीन बोटं वर. आमच्या सांगोल्याकडच्या मुरमाड डाळिंब बागेत खडा उडतोच. दीड मीटर व्यासाचं पातं मिनिटाला १००० फेऱ्या फिरलं की टोकाचा वेग ताशी २८० किमी! नुसतं पातळ रबर त्यापुढं काय टिकणार? मागं जुन्या कन्व्हेयर बेल्टचा जाड पट्टा चालेल, पण साखळीच्या जोडीनं. आणि पीटीओ शाफ्टचं (ट्रॅक्टरची ताकद मोवरला देणाऱ्या फिरत्या दांड्याचं) कव्हर काढून गोठ्यात टाकलं असेल (सगळे टाकतात), तर आधी ते बसवा.